‘वेदर’ आणि ‘क्लायमेट’ या दोन्हींना हवामानच का म्हणावे?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात ‘हवामान बदलाचा द्राक्षबागांना फटका’ असा ठळक मथळा होता. बातमी निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत दोन दिवस राहिलेल्या ढगाळ हवेची आणि रिमझिम पावसाची होती. बातमीतली माहिती बरोबर होती. शेतकऱ्यांचे हाल मी स्वतः पाहिले आहेत. तक्रार आहे ती मथळ्यातल्या ‘हवामान बदल’ या शब्दांविषयी. इंग्रजीत ‘वेदर’ आणि ‘क्लायमेट’ असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपली वृत्तपत्रे त्या दोन्हींसाठी ‘हवामान’ हा एकच शब्द वापरतात. ३२ वर्षे शाळेत भूगोल शिकवल्यामुळे हा घोटाळा मला नुसता व्याकरणाचा वाटत नाही.

ती बातमी आली त्या दिवशी मी दिंडोरी तालुक्यात भाच्याच्या बागेत होतो. ऑक्टोबर छाटणी थोडी उशिरा झाल्यामुळे घड नेमके फुलोऱ्यात होते, आणि फुलोऱ्यात पाऊस म्हणजे गळ, कूज आणि डाऊनी (बुरशीचा रोग) हे द्राक्षवाल्याला सांगावे लागत नाही. पानांच्या मागे हात फिरवला की तळवा ओला होत होता. भाच्याने पेपर घडी करून ट्रॅक्टरवर ठेवला आणि म्हणाला, “मामा, हा हवामान बदल परवापर्यंत हटेल असं मोबाईलवर दाखवतंय, पण तोवर फवारणीचा ब्लोअर थांबवून चालणार नाही.” तो कृषी पदविकाधारक आहे, अडाणी नाही. मथळ्यातल्या शब्दांचा जो अर्थ सहज लागतो तोच त्याने घेतला: काल ऊन होते, आज ढग आले, म्हणजे हवामान बदलले.

इंग्रजीत हे दोन शब्द शेजारी असले तरी त्यांची घरे वेगळी आहेत. ‘वेदर’ हा जुना जर्मानिक शब्द. जर्मन भाषेत आजही त्याचा भाऊ ‘वेटर’ त्याच अर्थाने नांदतो. अमुक ठिकाणी, अमुक वेळी ऊन, वारा, पाऊस, थंडी कशी आहे एवढेच तो सांगतो. त्याचेच क्रियापद झाले की उन्हापावसाचा मार सोसून तगणे असा अर्थ होतो, आणि खडक उन्हापावसाने झिजून फुटतात त्याला ‘वेदरिंग’ म्हणतात, ज्याला आपण भूगोलात विदारण म्हणतो. ‘क्लायमेट’ मात्र ग्रीक ‘क्लिमा’वरून आला, आणि ‘क्लिमा’ म्हणजे उतार, कल. सूर्याचे किरण कुठे किती तिरपे पडतात त्यावरून ग्रीक भूगोलवेत्त्यांनी पृथ्वीचे पट्टे कल्पिले होते, म्हणून हा शब्द मुळात जागेचा आहे. त्या जागेचा स्थायी स्वभाव हा अर्थ त्याला नंतर चिकटला. उष्णता, आर्द्रता, पाऊस, वारा हे घटक दोन्हींत तेच असतात, म्हणून अर्थ एकमेकांवर चढतात. फरक काळाचा आहे. ‘वेदर’ तासांचे आणि दिवसांचे, तर ‘क्लायमेट’ म्हणजे त्याच नोंदींचा अनेक वर्षांचा हिशेब. जागतिक हवामान संघटनेने त्यासाठी ३० वर्षांचा काळ प्रमाण मानला आहे, आणि सध्या १९९१ ते २०२० हा काळ आधारासाठी धरला जातो.

आपल्याच नाशिक जिल्ह्यात हा फरक डोळ्यांनी दिसतो. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतल्या येवला-नांदगावकडे साधारण ५०० मिलिमीटरवर भागवावे लागते. म्हणून इगतपुरीत भात आणि येवल्यात बाजरी, कांदा. हा ‘क्लायमेट’चा भाग झाला, एखाद्या वर्षी येवल्यात धो-धो पाऊस झाला म्हणून तिथे कोणी भातखाचरे बांधत नाही. उलट, आज औषध मारायचे की उद्या, निफाडचा पारा उतरल्यावर मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवायच्या की नाही, हे ‘वेदर’ पाहून ठरते. शेतकरी दोन्ही गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या ओळखतो. त्याच्यापर्यंत शब्द मात्र एकच पोहोचतो.

याहून खटकणारी गोष्ट ही की मराठीत हा फरक करून ठेवलेला आहे. बालभारतीच्या भूगोलाच्या पुस्तकांत ‘वेदर’ला हवा आणि ‘क्लायमेट’ला हवामान म्हटले आहे. तापमान, पर्जन्यमान यांसारखाच हवामान हा शब्द आहे. त्यातले ‘मान’ मोजमाप सुचवते, आणि मोजमापाला काळ लागतो. हवा क्षणोक्षणी बदलते, हवामान सहजासहजी बदलत नाही, हे वाक्य मी कितीतरी वर्गांकडून लिहून घेतले आहे. मुलगा ते शिकून घरी जातो आणि संध्याकाळी बातम्यांत ऐकतो की उद्या राज्यात हवामान बदलणार आहे. त्याने पुस्तक खरे मानायचे की बातमी?

सरकारी शब्दांनीही गुंता वाढवला आहे. ‘हवामान आधारित फळपीक विमा योजना’ यातले हवामान म्हणजे ‘वेदर’, कारण ठराविक मुदतीतला अवकाळी पाऊस किंवा किमान तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की भरपाई देय होते. ‘हवामान अनुकूल शेती’ यातले हवामान म्हणजे ‘क्लायमेट’. राज्य शासनाने पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ असा शब्द घेतला आहे, पण द्राक्षपट्ट्यात ‘वातावरण’ म्हणजे आजचे आभाळच. ‘वातावरण खराब आहे’ असे माणूस सकाळी अंगणात उभा राहून म्हणतो. हिंदीने मौसम आणि जलवायु असे दोन शब्द ठेवून ही अडचण टाळली आहे. तरी जलवायू मराठीत ओढून आणावा असे मला वाटत नाही. आपल्याकडे हवा आणि हवामान ही जोडी असताना उसनवारी कशाला?

शब्द सरमिसळ झाले की नुकसान दोन्ही बाजूंनी होते. दोन दिवसांच्या ढगांना हवामान बदल म्हटले की ते ढग हटल्यावर प्रश्नही मिटला असे वाटू लागते, आणि पुढच्या २० वर्षांसाठी कोणती जात लावावी, प्लॅस्टिक आच्छादनावर खर्च करावा का, हा खरा विचार मागे पडतो. दुसरीकडे, डिसेंबरात निफाडला कडाक्याची थंडी पडली की लोक विचारतात, मग तापमानवाढ कुठे गेली? एका गारपिटीने क्लायमेट बदलल्याचे सिद्ध होत नाही आणि एका गारठ्याने ते खोटेही ठरत नाही. त्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी शेजारी मांडून पाहाव्या लागतात. हवामान खात्याचा मोसमी पावसाचा अंदाज हे त्याचे चांगले उदाहरण आहे. ‘सरासरीच्या अमुक टक्के पाऊस’ यातली सरासरी म्हणजे १९७१ ते २०२० या ५० वर्षांची, संपूर्ण देशासाठी ८७ सेंटीमीटर, ती ‘क्लायमेट’ची. त्या वर्षी प्रत्यक्ष पडेल तो पाऊस ‘वेदर’चा. एकाच वाक्यात दोन्ही असतात, आणि ही सरासरी कशाची हे बातमीत क्वचितच सांगितले जाते.

हवामान खाते हे नाव रूढ आहे, ते बदलावे असे माझे म्हणणे नाही. विनंती एवढीच की दिवसादोनदिवसांच्या बातमीत ‘हवामान बदल’ आणि ‘बदलत्या हवामानामुळे’ हे शब्द टाळून जे घडले ते सरळ लिहावे: ढगाळ हवा, अवकाळी पाऊस, गारपीट, थंडीची लाट, दाट धुके. एवढे नेमके शब्द मराठीत असताना एका मोघम शब्दाची गरज पडू नये. ‘हवामान बदल’ हे शब्द जिथे अनेक वर्षांच्या नोंदींची तुलना असेल त्याच बातमीला राखून ठेवावेत, आणि तिथे कोणत्या वर्षांशी तुलना केली आहे तेही आवर्जून छापावे. थंडीच्या बातम्यांचा हंगाम आता सुरू होतो आहे. निफाडच्या पाऱ्याच्या पहिल्या बातमीपासून हे करता आले तर माझ्यासारख्या अनेक वाचकांना समाधान वाटेल.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
पंचवटी, नाशिक