क्लोरीनच्या टोनरवर पाण्याचा मारा नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनची गळती झाली की दुसऱ्या दिवशी बातमी येते आणि अग्निशमन दलाने पाण्याचा मारा करून वायू आटोक्यात आणला, हे वाक्य तिच्यात बहुधा असतेच. वाचणाऱ्याचा समज होतो की क्लोरीनवर पाणी हाच उपाय. तसे ते नाही. गळक्या टोनरवर, म्हणजे क्लोरीन भरलेल्या मोठ्या पोलादी टाकीवर, पाणी मारले तर गळती वाढते.

बर्फाच्या कारखान्यात किंवा शीतगृहात अमोनिया सुटला तर पाण्याचा फवारा उपयोगी पडतो, कारण अमोनिया पाण्यात प्रचंड विरघळतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे अर्धा किलो. क्लोरीन त्याच पाण्यात जेमतेम ७ ग्रॅम विरघळतो, म्हणजे फवाऱ्याने वायू धुऊन निघत नाही. नुकसान मात्र दोन प्रकारे होते. टोनरच्या आत क्लोरीन द्रवरूपात असतो आणि तो उणे ३४ अंशांना उकळतो. बाहेर निसटताना त्याचे बाष्पीभवन होऊन टोनर स्वतःच गार पडतो, दाब उतरतो आणि गळती मंदावते. अशा वेळी नळाचे पाणी ओतणे म्हणजे त्याला ऊब देणे. दुसरे असे की कोरडा क्लोरीन नेहमीच्या तापमानाला पोलादाला धक्का लावत नाही, पण ओलावा मिळताच हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते आणि सुईएवढे भोक झपाट्याने मोठे होऊ शकते. याच कारणासाठी गळका टोनर पाण्याच्या हौदात किंवा विहिरीत ढकलणे हा शुद्ध वेडेपणा आहे. अपवाद एकच: शेजारी आग लागली असेल आणि टोनर गळत नसेल, तर तो गार ठेवायला पाणी मारावेच लागते. टोनरच्या दोन्ही तोंडांवर तीन-तीन फ्युजिबल प्लग असतात. ते ७० ते ७४ अंशांच्या दरम्यान वितळतात, आणि वितळल्यावर आतला माल बाहेर येतो.

मग करायचे काय? पहिले काम टोनर फिरवण्याचे. भरलेल्या टोनरमध्ये ९०० किलो क्लोरीन असतो आणि त्याच्या एका तोंडावर दोन व्हॉल्व्ह असतात. टोनर आडवा ठेवून दोन्ही व्हॉल्व्ह एकावर एक उभ्या रेषेत आणले की वरच्यातून वायू मिळतो, खालच्यातून द्रव. गळतीचे भोक खालच्या बाजूला असेल तर द्रव बाहेर पडतो, आणि द्रवाच्या एका लिटरचा सुमारे ४६० लिटर वायू होतो. तेच भोक वर आणले की फक्त वायू निसटतो आणि गळती अनेक पटींनी कमी होते. यासाठी टोनर रोलरवर ठेवलेला हवा आणि रोलर फिरते हवेत. अनेक ठिकाणी टोनर सिमेंटच्या ओट्यावर किंवा लाकडी ओंडक्यांवर विसावलेले दिसतात. रोलर असले तर गंजून धरलेले. भिंतीवर लाखोंचा सेन्सर आणि खाली न फिरणारे रोलर, ही खरेदी कोणत्या हिशेबाने होते ते समजत नाही.

गळती नक्की कुठून आहे ते शोधायला अमोनियाच्या द्रावणात बुडवलेला बोळा काठीला बांधून सांध्यांजवळून फिरवायचा. जिथे पांढरा धूर उठेल तिथे गळती. बोळा धातूला टेकवायचा नाही, द्रावण ओतायचे तर मुळीच नाही. बहुतेक गळत्या किरकोळ असतात. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती वायू येत असेल तर व्हॉल्व्ह बंद करून पॅकिंग नट आवळला की थांबतो. जोडणीतून येत असेल तर दोष वॉशरचा. शिशाचा वॉशर एकदाच वापरायचा असतो, पण काटकसरीत तोच उलटा करून पुन्हा बसवला जातो. प्लगमधून किंवा व्हॉल्व्हच्या बुडातून येत असेल तर आपत्कालीन किटमधले टोपण, त्याचे गॅस्केट आणि आवळणारे जोखड लागते. किट टोनरसाठीचे आहे की लहान उभ्या सिलिंडरसाठीचे, हे आधीच पाहून ठेवावे, कारण एकाचे टोपण दुसऱ्याला बसत नाही. किट क्लोरीन रूमच्या आत कुलपात ठेवण्याची पद्धतही अजब आहे. ते बाहेर हवे, वाऱ्याच्या दोन वेगळ्या दिशांना दोन ठिकाणी असले तर उत्तम.

आत जायचे ते हवेचे सिलिंडर पाठीवर असलेला श्वसनसंच लावूनच. डबीतून हवा गाळणारा मास्क निसटण्यापुरता ठीक, गळती बंद करायला नाही. हवेत १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) क्लोरीन म्हणजे जिवाला तात्काळ धोका समजला जातो, आणि गळक्या खोलीत हे प्रमाण कितीतरी ओलांडले जाते. दोघांनी आत जावे, तसेच सज्ज दोघे दारात थांबावेत. संचावर ३० मिनिटे लिहिलेले असले तरी धापा टाकत काम करणाऱ्याला ती हवा तेवढी पुरत नाही. दाढी असलेल्या माणसाला मास्क नीट बसत नाही, हे सांगायला अधिकारी संकोचतात. संकोचू नये.

टोपण बसत नसेल तर टोनर रिकामा करणे हाच मार्ग. शक्य असल्यास क्लोरिनेटर (पाण्यात क्लोरीन मिसळणारे यंत्र) चालू ठेवून वायू पाण्यातच ओढून घ्यावा. नाहीतर नळीने कॉस्टिक सोड्याच्या टाकीत सोडावा. नळी द्रावणात बुडालेली, टोनर मात्र टाकीबाहेर. एक किलो क्लोरीनला हिशेबाने १.१३ किलो कॉस्टिक लागतो. पूर्ण टोनरसाठी सुमारे १,०१५ किलो होतो, त्यावर वीस टक्के जास्तीचा धरावा. २० टक्क्यांच्या द्रावणाचे हे साधारण ५,००० लिटर भरते. काही केंद्रांत २०० लिटरचे पिंप ठेवून न्यूट्रलायझेशन टँक अशी पाटी लावलेली असते! चुन्याचा खड्डा असेल तर त्याचीही तपासणी हवी. उघड्यावर वर्षभर पडलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडू होतो, आणि खडूचा इथे फारसा उपयोग नाही. द्रावण तापते, म्हणून वायू हळूहळू सोडावा. उरलेले द्रावण म्हणजे हायपोक्लोराइट, ते नाल्यात ओतू नये.

यापेक्षा मोठी काळजी वापरात नसलेल्या टोनरची आहे. १४ जुलै २०१० रोजी शिवडीला मुंबई बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन सुटला आणि शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. असे बेवारस टोनर बंद पडलेल्या पंपघरांमागे, झुडपांत आजही सापडू शकतात. क्लोरीनच्या टोनरची दर २ वर्षांनी दाबचाचणी व्हावी लागते आणि तारीख टोनरवर ठोकलेली असते. ती उलटून गेली असेल तर त्याला हात न लावता पुरवठादाराला आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय स्फोटके सुरक्षा संस्थेला कळवावे. भंगारवाल्याकडे टोनर जाता कामा नये. रिकामा म्हणून गॅस कटरखाली गेलेल्या टोनरमध्येही माल असू शकतो, शिवाय तापलेले पोलाद क्लोरीनमध्ये स्वतःच जळू लागते.

रोजच्या वापरात दोन खोडी नेहमीच्या. पाणी जास्त गढूळ आले की क्लोरीन जास्त ओढला जातो. एका टोनरमधून वायुरूपात तासाला ७-८ किलो इतकेच सुखाने निघते. त्यापुढे बाहेर बर्फ धरतो आणि दाब पडतो. मग कुणीतरी गरम पाण्याची बादली आणतो. टोनर कधीही तापवू नये, दुसरा टोनर जोडावा. दुसरी खोड म्हणजे टोनर अगदी कोरडा होईपर्यंत चालवणे. उलटा प्रवाह रोखणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कमजोर असेल तर इंजेक्टरचे, म्हणजे क्लोरीन पाण्यात ओढणाऱ्या भागाचे, पाणी उलटे चढते आणि आतून गंज सुरू होतो. टोनर वजनकाट्यावर असेल तर कधी बदलायचा ते अंदाजाने ठरवावे लागत नाही. काढल्यावर व्हॉल्व्ह बंद, टोपी घट्ट, वर झाकण. 'रिकामाच तर आहे' म्हणून उघडा सोडला तर दमट हवा आत जाते. आणि पान्याला पाइप लावून व्हॉल्व्ह पिळू नये, एक फेरा उघडला की पुरेसे होते.

क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड असल्याने एक्झॉस्ट पंखा आणि सेन्सर जमिनीलगत हवेत, पंख्याचे बटण दाराबाहेर. वस्तीतल्या लोकांसाठीही हाच धागा. वास आला तर वाऱ्याला आडवे निघावे, ओढ्या-नाल्याकडे उतरू नये. बाहेर पडता येत नसेल तर वरच्या मजल्यावर जाऊन दारे-खिडक्या, पंखे, एसी बंद करावेत. बाधिताला चालवू नये, अर्धवट बसते ठेवावे, कपडे उतरवून डोळे १५ मिनिटे धुवावेत. दूध-गूळ देत बसू नये. त्याला बरे वाटू लागले तरी रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसांत पाणी साचायला काही तास लागू शकतात.

आता अनेक नगरपालिका टोनर सोडून हायपोक्लोराइटकडे (क्लोरीनयुक्त जंतुनाशक द्रावणाकडे) वळत आहेत, ते योग्यच आहे. मात्र तिथे तुरटीचे द्रावण किंवा पीएसी (पाण्यातला गाळ बसवणारे पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) घेऊन आलेला टँकर चुकून हायपोच्या टाकीत रिकामा झाला तर टाकीतूनच क्लोरीन उसळतो. या दोन टाक्यांच्या भरणी-नळांना एकमेकांत न बसणारी कपलिंग लावावीत, कुलपे वेगळी असावीत आणि टँकर रिकामा करताना केंद्राचा माणूस चलान हातात घेऊन उभा असावा. निविदेत ही कपलिंग लिहिली जात नाहीत. ती लिहावीत, अशी पाणीपुरवठा विभागांना आपल्या पत्रातून विनंती.

आपले,
जलशुद्धीकरण व औद्योगिक सुरक्षा क्षेत्रातील काही अभियंते