एका रात्रीत टाकलेली राणी

संपादक साहेब, नमस्कार. मध्ययुगातल्या फ्रान्सच्या राण्यांचा विषय निघाला की बहुतेक जण एलिनोरबद्दलच बोलतात, पण मला इंगेबोर्गबद्दल लिहायचंय. डेन्मार्कची ही राजकन्या, वय जेमतेम १८, ऑगस्ट ११९३ मध्ये आमियाँला राजा दुसऱ्या फिलिपशी तिचं लग्न झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं तिला टाकलं, का ते इतिहासकारांना अजून सापडलेलं नाही. मग बिशपांकडून लांबचं नातं दाखवून लग्न रद्दच करून घेतलं. पोरीला फ्रेंच येत नव्हतं, माहेर समुद्रापलीकडे, तरी तिनं हार मानली नाही, थेट रोमला पोपकडे दाद मागितली. राजानं ११९६ मध्ये ॲग्नेसशी लग्न केलं (तिचंही वाईटच वाटतं, १२०१ मध्ये बिचारी वारली). पोप तिसऱ्या इनोसंटनं राजावर दबाव म्हणून १२०० मध्ये फ्रान्समधले चर्चचे विधी बंद केले, तरी इंगेबोर्गची कैद संपली नाही, एताँपच्या टॉवरमध्ये कोंडून ठेवलेलं. राणीचा मान परत मिळाला तो १२१३ मध्ये, म्हणजे २० वर्षांनी! आपल्या रविवार पुरवणीत तिच्यावर एक सविस्तर लेख नक्की द्या ही विनंती.

– एक नियमित वाचक, सातारा