नमुना कोणी घेतला, ते आधी विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ज्यूंच्या संहारावरचा, आउशविट्झच्या नाझी छावणीत ज्यूंना खरेच विषारी वायूने मारले का अशी शंका घेणारा, पानभर लेख मी दोनदा वाचला. एकदा घरी, आणि सोमवारी पुन्हा वाचनालयात. तिथे शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते, ‘इंजिनिअर स्वतः जाऊन भिंती तपासून आला, त्यात विष सापडलंच नाही म्हणे.’ सांगणारा माणूस वाईट नव्हता. त्याने तुमच्या वर्तमानपत्रात वाचले आणि विश्वास ठेवला. गेली तीस वर्षे मीही तेच करत आले आहे, म्हणून हे पत्र.

लेखकाने फ्रेड ल्यूश्टर यांना ‘अमेरिकी अभियंता’ म्हटले आहे. ते अभियंता नाहीत. बोस्टन विद्यापीठाची त्यांची पदवी इतिहासातली आहे. आपण नोंदणीकृत अभियंता नाही आणि कधी नव्हतोही, हे त्यांनी 1991 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या नोंदणी मंडळाला लिहून दिले. 1988 मध्ये टोरांटोत, संहार नाकारणारे साहित्य छापणाऱ्या अर्न्स्ट झुंडेलवर खटला चालू होता. तेव्हा झुंडेलच्या बाजूने हे गृहस्थ आउशविट्झला गेले, कोणाची परवानगी न घेता छिन्नी-हातोड्याने भिंतींचे आणि जमिनीचे तुकडे काढले आणि अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत पाठवले. न्यायाधीशांनी त्यांचा अहवाल पुरावा म्हणून स्वीकारला नाही. तुमच्या लेखात मात्र तो ‘वैज्ञानिक अहवाल’ म्हणून आला आहे.

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे आणि सारी नोकरी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत झाली. जिल्ह्याचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात तिथली माणसे होती. एका उन्हाळ्यात एका गावच्या विहिरीचा नमुना आमच्याकडे आला. अणुजैविक तपासणी केली. दूषित असल्याचे कोणतेही लक्षण नव्हते. ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का पडला आणि खाली सही माझी होती. पंधरवड्याच्या आत त्या गावात गॅस्ट्रोची साथ आली आणि एक म्हातारी दगावली. चौकशीत कळले, की नमुना घेण्याच्या आदल्या रात्री विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पूड, ओतली होती. शिवाय नमुना आमच्या बाटलीत घेतलाच नव्हता. आमच्या निर्जंतुक बाटलीत थायोसल्फेट असते, ते पाण्यातल्या क्लोरीनचा परिणाम थांबवते. त्यांनी घरातली साधी बाटली भरून पाठवली होती. म्हणजे बाटलीतल्या क्लोरीनने वाटेतच जंतू मारले, आणि आम्ही इमानाने त्या मेलेल्या पाण्याचे उत्तर दिले. फॉर्मवर ‘नमुना कोणी, कधी, कोठून घेतला’ हा रकाना कोराच होता आणि मी तो विचारला नव्हता. त्या म्हातारीच्या सुनेचा चेहरा मला अजून आठवतो. ती भांडली नाही. फक्त म्हणाली, ‘बाई, कागदावर तर चांगलं लिहिलं होतं.’

म्हणून ल्यूश्टरच्या तुकड्यांविषयी वाचते तेव्हा माझ्या पोटात कालवते. त्या अमेरिकी प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ जेम्स रॉथ यांना नमुने कशाचे आहेत हे सांगितलेच नव्हते. त्यांनी नेहमीच्या पद्धतीने अख्खे तुकडे कुटून पूड केली आणि पुडीची तपासणी केली. पुढे हकिगत कळल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितले, की सायनाइड, म्हणजे त्या वायूतले विष, भिंतीत जेमतेम दहा मायक्रॉन शिरते. ती जाडी माणसाच्या केसाच्या सुमारे दहाव्या भागाइतकी आहे. म्हणजे वरच्या पातळ थरात जे काही होते, ते जाड तुकड्याच्या पुडीत शेकडो पटींनी पातळ झाले. भिंतीचा वरचा थर अलगद खरवडून घ्यायचा, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही सुचले असते. क्राकोव्हच्या न्यायवैद्यक संशोधन संस्थेने मार्किएविच यांच्या नेतृत्वाखाली नीट नमुने घेतले आणि 1994 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गॅस चेंबरच्या अवशेषांत सायनाइडची संयुगे सापडली, कैद्यांच्या राहण्याच्या बराकींत सापडली नाहीत.

लेखात ‘उवा मारण्याच्या खोल्यांच्या भिंती निळ्या, मग माणसे मारण्याच्या खोल्यांच्या का नाहीत’ असाही प्रश्न टाकला आहे. हा निळा रंग सायनाइडच्या संयुगाचा. प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि ते साधे आहे. हवेच्या दशलक्ष भागांत सुमारे 300 भाग हायड्रोजन सायनाइड असले, तर माणूस काही मिनिटांत मरतो. उवा त्याच्या अनेक पट जास्त वायूत तासन्तास टिकतात. म्हणून कपड्यांच्या खोल्यांत वायू दाट असे आणि बराच वेळ राही. माणसांच्या खोल्या थोड्या वेळात उघडून, साफ करून पुढच्या माणसांसाठी तयार करत. शिवाय 1945 च्या जानेवारीत पळ काढण्यापूर्वी एसएसने, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाने, आउशविट्झच्याच बिर्केनाऊ भागातली उरलेली दाहगृहे सुरुंगाने उडवली; माणसे मारण्याच्या खोल्या त्यांतच होत्या. पुढे ते अवशेष पावसापाण्यात उघडे पडून राहिले. एवढे लिहितानाही हात जड होतो. पण हा प्रश्न तुम्ही छापला, तर उत्तरही छापावे लागते.

आता पदव्यांबद्दल. संहार नाकारणाऱ्या चळवळीच्या पुढाऱ्यांची नावे वाचा. रोबेर फोरिसाँ लिऑन विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकवत. आर्थर बट्झ नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. हिटलरच्या काळावर पुस्तके लिहिणारे इंग्रज लेखक डेव्हिड आयर्विंग यांची तर पदवीच पुरी झालेली नव्हती. पदव्या होत्या त्या खऱ्या, पण दुसऱ्याच विषयांतल्या. 1978 मध्ये कॅलिफोर्नियात ‘इन्स्टिट्यूट फॉर हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ निघाले. 1980 पासून त्यांनी त्रैमासिक काढले, तळटीपांसकट, अगदी खऱ्या संशोधन-पत्रिकेसारखे. आउशविट्झमध्ये ज्यूंना वायूने मारल्याचा पुरावा देणाऱ्याला त्यांनी 50,000 डॉलरचे बक्षीस जाहीर केले. मेल मर्मेल्स्टाइन स्वतः आउशविट्झमधून जिवंत सुटलेले. आई आणि बहिणींना त्यांनी वायूच्या खोलीकडे जाताना पाहिले होते. त्यांनी शपथपत्र दिले, संस्थेने टाळाटाळ केली, तेव्हा ते कोर्टात गेले. ऑक्टोबर 1981 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी सांगितले, की 1944 च्या उन्हाळ्यात आउशविट्झमध्ये ज्यूंना वायूने मारले ही निर्विवाद गोष्ट आहे, ती सिद्ध करत बसण्याची गरज नाही. 1985 मध्ये संस्थेला 90,000 डॉलर आणि माफी द्यावी लागली. तुमच्या लेखात बक्षिसाचा उल्लेख आहे, माफीचा नाही.

आयर्विंग यांच्याबद्दल लेखक लिहितात, ‘त्यांच्या चुका झाल्या असतील, पण चूक कोणाची होत नाही?’ आमच्या कामात चुका दोन प्रकारच्या असतात. हात थरथरला, वाचन चुकले, तर चूक कधी वर जाते, कधी खाली. पण तराजूच वाकडा असेल, तर प्रत्येक वेळी काटा एकाच बाजूला झुकतो. आयर्विंग यांचा काटा दर वेळी हिटलरच्या बाजूलाच झुकला. एसएसचा प्रमुख हिमलर याच्या 1 डिसेंबर 1941 च्या टेलिफोन नोंदीत एसएसच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी थांबून राहावे असे लिहिले आहे. जर्मन शब्द ‘हाबेन’. आयर्विंग यांनी तो ‘युडेन’, म्हणजे ज्यू, असा वाचला, आणि ज्यूंना आहे तिथेच राहू द्यावे असा अर्थ काढला. आदल्या दिवशीच्या नोंदीत बर्लिनहून निघालेल्या एका गाडीतल्या ज्यूंना मारू नये एवढेच होते. आयर्विंग यांनी ते सगळ्या ज्यूंना लागू केले. त्या गाडीतल्या सुमारे हजार माणसांना त्या दिवशी सकाळीच रिगाजवळ गोळ्या घातल्या गेल्या होत्या.

हे सगळे लंडनच्या न्यायालयात उघडे पडले, आणि तेही आयर्विंग यांनीच, त्यांना संहार नाकारणारे म्हणणाऱ्या इतिहासकार डेबोरा लिपस्टाट यांच्यावर आणि त्यांच्या प्रकाशकांवर बदनामीचा दावा लावल्यामुळे. इंग्लंडच्या कायद्यानुसार खरेपण सिद्ध करण्याचे ओझे प्रतिवादीवर असते. केंब्रिजचे इतिहासकार रिचर्ड इव्हान्स आणि त्यांचे दोन सहायक दोन वर्षे आयर्विंग यांच्या तळटीपा मूळ कागदांशी ताडत बसले. कोणीतरी अखेर ‘नमुना कोठून आला’ हा रकाना भरून घेतला. 11 एप्रिल 2000 रोजी न्यायमूर्ती ग्रे यांनी निकाल दिला. आयर्विंग पुरावा जाणूनबुजून वाकवतात, ते ज्यूद्वेष्टे आणि वंशद्वेष्टे आहेत आणि संहार नाकारतात, असे त्यात स्पष्ट आहे. या निकालाला लेखात अर्धी ओळ आहे, ‘पुढे ते एक खटलाही हरले.’

तुम्ही म्हणाल, मत छापणे हे वर्तमानपत्राचे काम. पॅरिसच्या ‘ल मोंद’नेही 29 डिसेंबर 1978 ला फोरिसाँचा मजकूर छापला होता. सोबत खंडनही छापले, तरी लोकांच्या मनात राहिले ते ‘वाद आहे’ एवढेच. 21 फेब्रुवारी 1979 ला त्याच पत्रात 34 फ्रेंच इतिहासकारांनी निवेदन दिले. असे सामूहिक हत्याकांड तांत्रिकदृष्ट्या कसे शक्य झाले हे विचारायचे नसते, ते घडले म्हणूनच ते शक्य होते, असे त्यांनी म्हटले. तुम्ही तर सोबत खंडनही दिले नाही. आणि कागद काही कमी नाहीत. एसएस अधिकारी हरमान होफलेची तार इंग्रजांनी 1943 मध्येच पकडली होती, ती 2000 साली दप्तरात सापडली. चार छावण्यांत 1942 अखेरपर्यंत आणलेल्या ज्यूंचा आकडा त्यात एकेरीपर्यंत आहे: 12,74,166. हा जर्मनांनी स्वतः ठेवलेला हिशेब आहे.

आणखी एक, आणि हे मला लेखाइतकेच लागले. लेखासोबत जे छायाचित्र आहे, प्रेते ढकलणाऱ्या बुलडोझरचे, त्याखाली तुम्ही ‘आउशविट्झ, 1945’ लिहिले आहे. ते बेर्गेन-बेल्सेन आहे. एप्रिल 1945 मध्ये ब्रिटिश सैन्य तिथे पोहोचले, तेव्हा ती माणसे उपासमारीने आणि टायफसने मेलेली होती. वायूची खोली त्या छावणीत नव्हती. ही चूक साधी वाटेल, पण नाकारणारे नेमकी हीच उचलतात. ‘बघा, आउशविट्झचा म्हणून बेल्सेनचा फोटो खपवतात, मग बाकीचे कसे खरे?’ तुमच्या एका चुकीच्या ओळीने त्यांना वर्षभराचे भांडवल मिळाले. मागच्या महिन्यात मी नळाच्या गढूळ पाण्याबद्दल पत्र पाठवले होते. त्यातला गावाचा उल्लेख तुमच्याकडे बदलून छापला गेला आणि दुसऱ्याच गावची मंडळी माझ्यावर नाराज झाली. त्याचीही दुरुस्ती अजून आलेली नाही.

या वेळी कृपा करून तीन गोष्टी करा. छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करा. ल्यूश्टर यांच्या नावामागचा ‘अभियंता’ काढा. आणि दुरुस्ती रविवारीच, त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापा. वाचनालयातले ते गृहस्थ आतल्या पानावरची बारीक चौकट वाचत नाहीत, मी पाहिले आहे.

आपली,
एक निवृत्त पाणी तपासनीस, मिरज