सूचना : दत्तक करसवलत आणि उत्पन्नमर्यादा (अमेरिकेतील सभासदांसाठी)

सप्रेम नमस्कार,

२०२५ चं विवरणपत्र भरताना एक गोष्ट नीट पाहा. दत्तकासाठीची केंद्रीय करसवलत प्रत्येक मुलामागे जास्तीत जास्त १७,२८० डॉलर आहे. सुधारित समायोजित उत्पन्न (MAGI, म्हणजे करासाठी ठरावीक फेरफार करून काढलेलं वर्षाचं उत्पन्न) २,५९,१९० डॉलरपर्यंत असेल तर उत्पन्नामुळे काहीच कापलं जात नाही. त्यापुढे सवलत हळूहळू घटते आणि २,९९,१९० डॉलरला संपते. मर्यादा ओलांडली म्हणजे सगळं गेलं, असं समजून या सवलतीचा फॉर्म ८८३९ भरायचाच सोडू नका! उत्पन्न २,७९,१९० असेल आणि खर्च पुरेसा झाला असेल, तरी निम्मे म्हणजे ८,६४० डॉलर मिळतात.

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी मोठा दिलासा म्हणजे, २०२५ पासून यातले ५,००० डॉलरपर्यंत कर देणं नसलं तरी परत मिळू शकतात. उरलेली रक्कम पुढची पाच वर्षं करातून वजा करता येते.

भारतातून मूल दत्तक घेत असाल तर दत्तकविधान अंतिम झाल्याशिवाय सवलत मागता येत नाही. आधीच्या वर्षांतल्या खर्चाच्या पावत्या म्हणूनच जपून ठेवा. जोडीदाराच्या मुलाला दत्तक घेतलं तर मात्र ही सवलत नाही.

नातवंडं किंवा भाचरं सांभाळणाऱ्यांनी बालकरसवलत (चाइल्ड टॅक्स क्रेडिट, ही वेगळी सवलत) जरूर तपासावी : मूल निम्म्याहून अधिक वर्ष तुमच्याकडे राहिलेलं हवं. तिथली मर्यादा वेगळी आहे, एकट्यासाठी २ लाख, संयुक्त विवरणपत्राला ४ लाख डॉलर.

मुदत १५ एप्रिल २०२६. आकडेमोडीत अडलात तर गटात निःसंकोच विचारा.