आई-बाबा, जूनमध्ये कोर्फूला चला, बोटीवर राहायचंय

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर नीट काही सांगताच आलं नाही, पोरांचा गोंधळ चालू होता आणि आईचं "बोट कशाला, एवढा खर्च कशाला, आमचं आता काय" एवढंच ऐकू आलं, म्हणून आज सगळं सविस्तर लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून निवांत वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

बेत असा आहे. जूनमध्ये, म्हणजे आपला आंबा उरकलेला असेल, मिरग लागलेला असेल, बागेत तुमचं फारसं अडणार नाही, तेव्हा तुम्ही दोघांनी म्युनिकला आमच्याकडे यायचं. तीन आठवडे इथे राहायचं आणि नंतरचा एक आठवडा ग्रीसमधल्या कोर्फू बेटावर, पण हॉटेलात नाही, बोटीवर. दादा-वहिनी आणि पोरं मुंबईहून परस्पर तिथे येतील. आपण आठ जण, चार केबिन, प्रत्येक केबिनला स्वतःचं बाथरूम, वर कॅप्टन आणि जेवण बनवणारी एक मुलगी, त्यांची झोपायची सोय वेगळी.

बोटच का, ते सांगते. काश्मीरच्या टूरला काय झालं आठवा, रोज पहाटे उठून बॅगा भरा, बसमध्ये चढा, नवीन हॉटेल, पुन्हा जिने, आणि शेवटचे दोन दिवस आई गुडघ्याला पट्टा बांधून खोलीतच बसून राहिली. तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की पुढची ट्रिप अशी करायची की आईने बॅग एकदाच उघडायची आणि एकदाच भरायची. बोटीवर तेच होतं, तुमची खोली तुमच्याबरोबर फिरते, सकाळी उठून चहा घेतलात की खिडकीबाहेर गाव नवीन असतं.

आणि बाबा, दुसरं कारण तुम्ही आहात. भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने देवगडला यायचात, बोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची आणि मग पडावातून किनाऱ्याला, ट्रंका डोक्यावर, हे मी लहानपणापासून तुमच्याकडून ऐकत आलेय. ते सांगताना तुमचा चेहरा कसा होतो ते मला माहितीये. त्यानंतर मात्र अख्खा जन्म समुद्र ओटीवरून बघण्यात गेला, नोकरी, बाग, आमची शिक्षणं. मला तुम्हाला परत एकदा बोटीवर बसवायचंय, आणि यावेळी डेकवर सतरंजी टाकून रात्र काढायला नाही, तर आरामात पाय पसरून.

आता कोर्फूच का. ग्रीस म्हटलं की सगळे सांतोरिनी, मिकोनोसचे फोटो पाठवतात, वहिनीचाही तोच आग्रह होता. पण ती बेटं एजियन समुद्रात आहेत आणि तिथे उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तो सुटला की दिवसेंदिवस थांबत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये तर बोटी बंदरात अडकून पडतात. आईला घेऊन तिकडे जायचं नाहीच. कोर्फू ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रात आहे. तिथे वारा दुपारी उठतो, वायव्येकडून, त्याला मैस्त्रो म्हणतात, आणि संध्याकाळ झाली की पडतो. आपल्याकडे दुपारी खारा वारा सुटतो ना, बाबांना लगेच कळेल. म्हणजे सकाळी पाणी शांत असताना प्रवास करायचा आणि दुपारच्या जेवणाआधी एखाद्या खाडीत नांगर टाकायचा, रात्री तर बोट चालवायचीच नाही.

अख्ख्या बेटाला फेरी मारायची नाही हेही कॅप्टनशी बोलून ठरवलंय. पश्चिमेचा किनारा उघडा आहे, लाट थेट अंगावर येते. तिकडचं पालेओकास्त्रित्सा आपण एक दिवस गाडीने बघू. पूर्वेकडे एका बाजूला बेट आणि दुसऱ्या बाजूला ग्रीस-अल्बानियाचे डोंगर, मधलं पाणी आडोशाचं, उत्तरेला तर अल्बानिया जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. तिथे मात्र उतरायचं नाही, तो देश शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांच्या, बाहेर आहे आणि व्हिसाची भानगड वाढते.

बोट कॅटामरान घेतोय, म्हणजे दोन सांगाड्यांची, एका सांगाड्याच्या बोटीसारखी ती एका कुशीवर कलत नाही. बसायची-जेवायची जागा डेकच्याच पातळीवर, फक्त केबिनमध्ये जायला चार-पाच पायऱ्या, हाताला दांडा आहे. मी कंपनीकडून त्या पायऱ्यांचा व्हिडिओ मागवलाय, आई, तो बघूनच हो म्हण.

शनिवारी दुपारी गुविया मरीनामधून बोट ताब्यात मिळते, कोर्फू शहरापासून जवळच आहे. व्हेनिसवाल्यांनी तिथे आपल्या गलबतांची गोदी बांधली होती, तिच्या दगडी कमानी अजून उभ्या आहेत. रविवारी सकाळी दक्षिणेला सिवोता, तीन-साडेतीन तास. मग पॅक्सोस बेटावरचं गायोस, दोन-अडीच तास. परतीचा टप्पा लांब आहे, चार-पाच तासांचा, बोट लागू नये म्हणून आईने त्याच्या आदल्या रात्रीच गोळी घ्यायची. शेवटचे दोन दिवस बेटाच्या ईशान्येला, अग्नी आणि कासिओपी ही ठिकाणं, आणि शुक्रवारी संध्याकाळी परत गुविया.

बाबा, तुम्हाला एक गोष्ट बघायला मिळेल जी मी कितीही सांगितली तरी खरी वाटणार नाही. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. देवगडला उधाणाच्या भरतीला पाणी माणसाच्या उंचीहून जास्त चढतं-उतरतं, तिथे वीतभर. म्हणूनच त्यांची हॉटेलं अगदी पाण्याच्या काठाला टेकून असतात आणि बोटी पाठ धक्क्याला लावून उभ्या करतात, पुढून नांगर, मागून दोर, आणि मागच्या फळीवरून दोन पावलात गावात. आई, फळी पार करताना कॅप्टन हात धरतो, आणि नको वाटलं तर तू बोटीवरच बस, तुझा चहा तिथेच येईल.

पॅक्सोसच्या खाली अँटिपॅक्सोस म्हणून इवलंसं बेट आहे, तिथे वुतुमी नावाच्या खाडीत आपण सकाळीच जायचं, दुपारी टुरिस्टांच्या मोठ्या बोटी येतात. पाणी इतकं स्वच्छ की नांगराची साखळी तळापर्यंत दिसते. आई, तुझ्यासाठी ही जागा मी मुद्दाम घातलीय. समुद्रकाठी सगळा संसार झाला पण तू घोट्याच्या वर पाण्यात कधी गेली नाहीस, आधी आमचे कपडे सांभाळत बसायचीस आणि आता नातवंडांचे. बोटीच्या मागच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात, शेवटच्या पायरीवर बसायचं, लाइफ जॅकेट घालायचं, मी खाली पाण्यात, तुझा जावई निखिल वरती. पंजाबी ड्रेस घालून उतर, कोणी बघत नाही. पाणी आपल्यापेक्षा गार असतं, बावीस-तेवीस डिग्री, आधी अंगावर काटा येईल, मग बरं वाटेल. वर आल्यावर तिथल्या तिथे गोड्या पाण्याचा शॉवर.

जेवणाचं, कारण आईचा पुढचा प्रश्न तोच. निघायच्या आधी एक फॉर्म भरून द्यायचा असतो, कोण काय खातं, काय चालत नाही, चहा किती वाजता. त्यात तुझे सोमवार, संकष्टी, बाबांची साखर, सगळं मी लिहून देणार आहे. तुझ्यासाठी ब्रियाम म्हणजे भाज्या ऑलिव्ह तेलात भाजून, वालासारख्या मोठ्या पांढऱ्या दाण्यांची टोमॅटोतली उसळ, पालक भरून भाजलेली खारी. बाबांसाठी कोर्फूचं खास बुर्देतो, लाल तिखटातलं मासळीचं कालवण, ग्रीसमध्ये एवढं तिखट इतरत्र कमीच मिळतं. चहा पावडर, मसाला, लोणचं खुशाल आण, पण तूप, पेढे, खवा नाही, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आणि बाबा, हापूससुद्धा नाही, फळाला सर्टिफिकेट लागतं, विमानतळावर काढून घेतात आणि तुमचा जीव तुटेल.

शहरातही एक दिवस ठेवलाय. जुनं गाव 2007 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, व्हेनिसचं राज्य तिथे 1386 ते 1797, मग फ्रेंच, मग 1864 पर्यंत इंग्रज. आणि इंग्रजांनी मागे काय ठेवलं माहितीये का बाबा, क्रिकेट! 1823 साली तिथल्या स्पियानादा मैदानावर पहिली मॅच झाली आणि कोर्फूची पोरं आजही क्रिकेट खेळतात. मैदानासमोर लिस्टन म्हणून कमानींची रांग आहे, तिथे खुर्ची टाकून बसू.

आता खर्च, लपवत नाही. बोटीचं आठवड्याचं भाडं 14,000 युरो, कॅप्टन आणि कुक त्यात आले. त्यावर टॅक्स, आणि वर 30 टक्के आगाऊ, म्हणजे 4,200, हे पैसे कॅप्टनकडे असतात, त्यातून डिझेल, बंदराची फी, किराणा, तो पावत्या ठेवतो, उरलेले परत देतो. शेवटी टीप. अर्धं भाडं बुकिंगला, अर्धं निघायच्या महिनाभर आधी. हे सगळं मी आणि दादा निम्मं-निम्मं करतोय, निखिलशी बोलून, दोन वर्षं बाजूला टाकून. तुमच्या एफडीला हात लावायचा नाही, त्यावर मी काही ऐकून घेणार नाही. तुम्ही आमच्यासाठी कधी हिशोब मांडला नाहीत. आम्हाला हे करू द्या.

तब्येतीचं म्हणाल तर बेटाचं मोठं हॉस्पिटल गुवियाच्या शेजारीच कोन्तोकालीला आहे. व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच, मी त्याहून मोठा काढतेय. व्हिसा जर्मनीचा काढायचा, कारण जास्त दिवस इथे आहात, ग्रीस त्यातच चालतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आमंत्रणाचं पत्र मी पाठवते.

कंपनीने बोट आपल्यासाठी पुढच्या शुक्रवारपर्यंतच धरून ठेवलीय, नंतर दुसऱ्याला देतील. तेव्हा बाबा, दोघांचे पासपोर्ट कपाटातून काढा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी मुदत हवी आणि दोन पानं कोरी, बघून फोटो पाठवा. आणि आई, गुडघ्याच्या डॉक्टरांना या आठवड्यातच विचारून घे, ते काय म्हणतात ते मला त्याच दिवशी फोन करून सांग.

तुमची,
मनू