मेजर सर, त्या कडीबद्दल

मेजर सर,

तुमच्या शोकसभेत ज्याच्या हाती माइक आला तो कारगिलवर बोलला. तुम्ही असता तर गालातल्या गालात हसला असता. 1999 साली तुमचं युनिट राजस्थानात होतं, हे तुम्हीच वर्गात सांगायचात. पण गावाला फौजी म्हटलं की कारगिलच लागतं. आणि मेजर तरी कुठं होता तुम्ही? हवालदार म्हणून पेन्शनीत आलात. आपल्या सातारा भागात मात्र फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. मला त्या कडीबद्दल बोलायचं होतं. चार माणसांत जमलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावलेलं अपशिंगे आपल्याच जिल्ह्यातलं. इथं फौजी मास्तर आला याचं अप्रूप कुणाला? बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरमधली शिस्त आता आमच्या पाठीवर उतरणार, एवढीच धास्ती होती.

तुमच्या आधी खेळाचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला धडा. साहित्याची खोली कायम कुलपात. गोळा, थाळी, व्हॉलिबॉलची जाळी तपासणीला साहेब आले की बाहेर यायची आणि पुसून परत आत जायची. मुलींनी पळायचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, ‘पडलीबिडलीस तर तुझ्या घरचे आम्हाला धरतील.’ हे म्हणणारे सभेत पहिल्या रांगेत बसले होते आणि क्रीडासंस्कृतीवर बराच वेळ बोलले. असो.

तुम्ही मुलींनाही मैदानात बोलावलंत. आम्ही आलो, पण ओढणी पिनांनी आवळून कडेला उभ्या. मुलं हाफ पँटवर पळायची. आम्ही ट्रॅक पँट आणायचो आणि ती दप्तरातच राहायची. तुम्ही कुणाला काही विचारलं नाहीत, आणि त्याचे उपकार फार मोठे, कारण विचारलं असतं तर आम्ही लाजून दुसऱ्या दिवशी आलोच नसतो.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तुम्ही साहित्याची खोली रिकामी करताना दिसलात. खिडकीच्या काचांना वर्तमानपत्र चिकटवलंत. त्या खोलीला बाहेरून कुलूप होतं, आतून कडीच नव्हती. ती तुम्ही घरून आणली आणि स्वतः स्क्रू पिळून बसवलीत. दोनदा ओढून पाहिलीत. मग किल्ली माझ्या हातात दिलीत, ‘तुमच्यातच ठेवा. मला नको.’ बस, एवढंच. सोमवारपासून आम्ही पळायला लागलो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटरचे पूर्ण 20 गुण हवेत तर 2 मिनिटं 50 सेकंदांत यावं लागतं. ‘पहिल्या फेरीत जीव काढू नको, शेवटच्या दोनशेला ठेव,’ हे तुमचं वाक्य डोक्यात ठेवून मी पळाले. पण सर, पळायला शिकवणारे मला नंतर अकादमीतही भेटले, रग्गड फी घेणारे. कडी बसवणारा कुणी भेटला नाही.

आता बंदोबस्ताला तासन्‌तास रस्त्यावर उभी असते. बाई शिपायांनी जायचं कुठं, कपडे बदलायचे कुठं, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. माणसं वाईट नसतात, त्यांना फक्त तिथं उभं राहावं लागलेलं नसतं. एखादा अधिकारी मात्र न सांगता सोय करून ठेवतो आणि त्यावर चकार शब्द बोलत नाही. अशा माणसाला मी जरा जास्तच कडक सॅल्यूट ठोकते. त्याला कारण कळत नाही.

जिवंतपणी तुमचे आभार मानले असते तर ‘चल, वॉर्मअप कर’ म्हणून हाकलून दिलं असतंत. आता ऐकून घ्यावंच लागेल. थँक यू, सर. काकूंना भेटायला दिवाळीत येते, बंदोबस्त लागला नाही तर.

तुमची,
किल्ली सांभाळणारी