काकू, त्या हिवाळ्यातल्या रूफस हमिंगबर्डसाठी मनापासून थँक यू

प्रिय काकू,

तुम्ही सिॲटलला गेलात तेव्हा मूव्हर्स, खोकी, डबे या गडबडीत धड बोलणंच झालं नाही, म्हणून आता लिहितेय, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण इथे अटलांटाच्या आसपास आपल्या कितीतरी लोकांच्या डेकवर हमिंगबर्डचा, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या त्या इवल्या पक्ष्यांसाठी साखरपाण्याचा फीडर असतो आणि ऑक्टोबर आला की तो धुवून गराजमध्ये जातो. 2022 च्या गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये प्रसादाच्या रांगेत तुम्ही मला म्हणालात, "काढू नकोस गं, मार्चपर्यंत राहू दे." या एका वाक्यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

तेव्हा मागून कुणीतरी म्हणालंच की फीडर ठेवला तर पक्षी इथेच रेंगाळतात आणि थंडीत मरतात. हे इथे सगळ्यांनाच वाटतं. तुम्ही रांग सोडून बाजूला आलात आणि नीट समजावलंत, की दिवस लहान व्हायला लागले की इथे उन्हाळ्यात असणाऱ्या रूबी-थ्रोटेड हमिंगबर्डना आतूनच जायची ओढ लागते, अंगावर चरबी चढवून ते मेक्सिको, सेंट्रल अमेरिकेकडे निघतात, त्यातले कितीतरी तर सरळ गल्फवरून उडत, मग तुमचा फीडर भरलेला असो की रिकामा. हिवाळ्यातला फीडर त्यांच्यासाठी नसतोच. तो असतो पश्चिमेकडून येणाऱ्यांसाठी, म्हणजे मुख्यतः रूफस, जे पार अलास्कापर्यंत घरटी करतात आणि बहुतेक मेक्सिकोत हिवाळा काढतात, पण थोडे दरवर्षी इकडे आग्नेयेच्या राज्यांत येतात, आणि कधी नशीब असेल तर कॅलिओपी किंवा ब्लॅक-चिन्ड.

मग तुम्ही घरी आलात, आणि काय काय करून दिलंत! चार वाट्या पाण्याला एक वाटी साधी पांढरी साखर, लाल रंग नाही, मध नाही. गूळ चालेल का असं मी विचारलं तर ठाम नाही म्हणालात, त्यातलं लोह त्यांना बाधतं. तुमच्या अंगणातली पाइनॲपल सेजची रोपं आणून माझ्या कुंपणाशी लावलीत, कारण ती ऐन शरदात लालभडक फुलते. आणि केळ्याची सालं जाळीच्या पिशवीत घालून फीडरजवळ टांगलीत, चिलटं यावीत म्हणून. नुसत्या साखरेवर हे पक्षी जगत नाहीत, त्यांना किडे लागतात, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. आईला व्हिडिओ कॉलवर ती सालं दाखवली तर तिला फार आवडलं, पुण्याला आमच्या जास्वंदीवर शिंजीर येतात त्यांच्यासाठीही लावते म्हणाली.

"नोव्हेंबरच्या मध्यानंतर जो दिसेल त्याचा फोटो काढ आणि मला फोन कर," असं बजावून गेलात. थँक्सगिव्हिंगनंतर एका सकाळी सेजवरून चिप् चिप् असा कडक आवाज आला आणि ती रूफस मादी दिसली, पाठ हिरवी पण कुशीला आणि शेपटीच्या बुडाशी विटकरी झाक, आमच्या उन्हाळ्यातल्या रूबी-थ्रोटेड माद्यांना अशी झाक नसते. मी फोटो पाठवला आणि तुम्ही चपला घालून तशाच निघून आलात!

आता त्या ख्रिसमसबद्दल. 22 डिसेंबरच्या रात्री वारा सुटला आणि 23 ला सकाळी तापमान एक आकडी फॅरनहाइटवर, आपल्या लोकांचे नळ फुटले, दिवे गेले, आणि त्यात जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅमचा हा जीव. मी रडायच्या बेतात होते. तुम्ही आदल्या संध्याकाळीच तुमच्या गराजमधला क्लॅम्पवाला दिवा आणि जुन्या पद्धतीचा बल्ब घेऊन आलात (एलईडी नको, तो पुरेसा तापत नाही), फीडरच्या खालून बांधून दिलात. तरी एक जादा फीडर भरून किचनमध्ये ठेवायला लावलात, बाहेरचा घट्ट व्हायला लागला की अदलाबदल. आणि मला सांगितलंत की थंड रात्री ती टॉर्परमध्ये जाते, अंग गार पडतं, उडताना मिनिटाला हजाराच्या वर जाणारे ठोके पन्नाससाठपर्यंत उतरतात, म्हणून रात्री काळजी करू नकोस, पण उजाडायच्या आत फीडर पातळ हवा, कारण जाग आल्यावर तिच्याकडे शिल्लक फार नसते. पहाटे अंधारात माझा फोन वाजला, "उठलीस ना?" एवढंच विचारलंत. ती दिव्याच्या उजेडात आली, पिसं फुगवून गोळा झालेली, आणि कितीतरी वेळ चोच न काढता पीत राहिली. काकू, त्या फोनबद्दल तुमचे आभार कसे मानायचे मला खरंच कळत नाही.

जानेवारीत तिचं बँडिंग, म्हणजे ओळखीसाठी पायात रिंग घालणं, झालं तेही तुमच्यामुळेच. फेडरल परमिट असल्याशिवाय या पक्ष्याला पकडता येत नाही, आणि तुमच्या ओळखीचा बँडर होता म्हणून तो एवढ्या लांबून आला. फीडरभोवती जाळीचा पिंजरा, ती आत शिरली की दोरी सोडून दार बंद. मग त्याने भिंगातून चोच बघितली, कडेला बारीक चरे होते, म्हणजे आदल्या उन्हाळ्यातलं पिल्लू. स्ट्रॉने पोटावर हलकी फुंकर मारली तर पातळ कातडीखाली पिवळी चरबी दिसली, आणि त्या थंडीतून ती नीट खाऊनपिऊन निघाली होती हे बघून तुम्ही माझा हात घट्ट धरलात. उजव्या पायात ॲल्युमिनियमची रिंग घातली, तांदळाच्या दाण्याहून लहान. शेवटी सोडायला तळहात पुढे करायची वेळ आली तेव्हा त्याने तुम्हाला बोलावलं आणि तुम्ही माझ्या लेकीला पुढे केलंत. ती तिच्या हातावर काही क्षण बसली, लेक म्हणाली "आई, ही थरथरत नाहीये, वाजतेय," आणि भुर्रकन सेजकडे.

त्याच दिवशी तुम्ही तिला फ्लोरिडातल्या टॅलाहॅसीच्या रूफसची गोष्ट सांगितलीत, 2010 च्या जानेवारीत तिथे रिंग घातलेली मादी त्याच वर्षी जूनमध्ये अलास्कात चनीगा बे इथे पुन्हा सापडली, साडेतीन हजार मैलांच्याही पुढे. लेकीने नकाशावर रेघ ओढून भिंतीवर लावलीय, अजून आहे.

दिवा माझ्याकडे सुखरूप आहे, सेज एवढी पसरलीय की यंदा तीन घरांत कटिंग्ज गेल्या, आणि ज्यांना दिल्या त्या तिघींनी फीडर काढलेला नाही. तुमच्याकडे तिथे ॲनाज हमिंगबर्ड वर्षभर असतात, तेव्हा बाल्कनीत फीडर लागला नसेल तर उद्याच लावा, मुलाला सांगा हुक ठोकून द्यायला. आणि मार्चमध्ये रूफस तिकडून वर जायला लागले की प्रत्येकीचा उजवा पाय बघा. रिंग दिसली तर वेळ न बघता फोन करा, पहाट असली तरी चालेल.

तुमची,
दोन गल्ल्या पलीकडची